मंगळवारचा बाराचा खेळ

ते त्या पुरस्काराचं नाव कधी घेत नसत. अमेरिकेत दर वर्षी सोनेरी पुतळे वाटतात, त्यातला एक इंग्रजीबाहेरच्या पिक्चरसाठी राखलेला असतो, त्यासाठी प्रत्येक देश आपला एकच पिक्चर निवडून पाठवतो, आपणही पाठवतो, आणि आपला बहुतेक वेळा उंबऱ्यावरूनच परत येतो. एवढं सगळं त्यांच्या बोलण्यात 'पुतळा' या एका शब्दात मावायचं. "यंदा पुतळ्याला कोण चाललं?" असं विचारायचे, जसं काही गल्लीतलं कुणी बदलीवर निघालंय. मी एकदा म्हटलं, काकाजी, सरळ नाव घ्या ना. तर म्हणाले, "काहून घ्यायचं? त्यानं आपलं घेतलं का कधी?"

जबलपूरला संरक्षण खात्याच्या ज्या कारखान्यात मी अजून नोकरीला आहे, तिथं तपासणी विभागात ते माझे वरिष्ठ होते. कामावर साहेब, रिटायर झाल्यावर काकाजी. कांचघर वस्तीत दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही, घरात काकू आणि पुतळा. या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हात दर वेळी एका मंगळवारपाशी येऊन थांबतो. म्हणून आधी माणूस सांगतो. मंगळवार टाळणार नाही. टाळून टाळून नऊ वर्षं झाली.

त्यांच्याकडे कारखान्यात असतं तसं लांबडं, कापडी पाठीचं रजिस्टर होतं. एका वर्षाला एक पान. आपल्या देशानं पाठवलेला पिक्चर, भाषा, कुठं पाहिला, कानानं पाहिला ती तारीख, डोळ्यानं पाहिला ती तारीख, आणि शेवटी शेरा. कानानं आणि डोळ्यानं म्हणजे काय, हे नव्या माणसाला समजावून सांगावं लागायचं. ते प्रत्येक पिक्चर दोनदा पाहत. एकदा आपल्यासारखा. दुसऱ्यांदा कानात रेंजवरचे बोळे घालून. आमच्याकडे तोफगोळ्यांची चाचणी होते तेव्हा कानात घालायला रबरी बोळे मिळतात, ते. आवाज बंद, फक्त खालच्या इंग्रजी पट्ट्या वाचायच्या.

"तिथं बसलेला माणूस आपली भाषा ऐकून राहिला का?" ते म्हणत. "तो पट्ट्या वाचून राहिला. मग आपणही तसंच पाहावं, तेव्हा कळेल त्याला काय दिसलं."

एका पिक्चरमध्ये एक वहिनी दिराला जेवू घालता घालता डोळ्यांनी रागावते आणि तोंडानं फक्त "घ्या भाऊजी" म्हणते. खाली पट्टी आली, 'प्लीज ईट'. काकाजींनी कानातले बोळे उपसून टेबलावर आपटले. "झालं! गेली वहिनी! हॉटेलातली बाई झाली!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा आई सांगत होती, सवत आहे का विचारून घे. मी माणसं विचारली. रजिस्टर विचारायचं राहून गेलं."

पिक्चर मिळवायचे कसे, ही त्यांची आयुष्यभराची खटपट होती. तमिळ पिक्चर निवडला गेला की स्टोअरमधल्या तमिळ बाबूच्या क्वार्टरवर इडली खायला जाणं वाढायचं. आसामी आला त्या वर्षी पोस्टाच्या पाकिटांचा गठ्ठा आणला आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना पत्रं लिहिली. तरी रजिस्टरमध्ये काही पानं कोरी होती. जुने पिक्चर, ज्यांची प्रतच कुठं सापडली नाही. त्या पानांवर फक्त 'पाहिला नाही' आणि सही. मी म्हटलं, अहो, त्याच्यावर लेख आहेत, वाचून शेरा लिहा. त्यांनी रजिस्टर मिटलं. "वाचून शेरा द्यायला मी काय निवड समिती आहे?"

निवड जाहीर झाली की बड़ा फुहाऱ्याच्या चौकातून खव्याची जिलेबी यायची. पिक्चर चांगला असो की टुकार. काही वर्षं तर ते जिलेबी खाता खाताच समितीला शिव्या देत. मग डिसेंबर-जानेवारीत तिकडची यादी यायची, तिच्यात आपला नसायचा, आणि बातमी वाचल्याबरोबर ते उठून डोक्यावरून थंड पाण्याची आंघोळ करायचे. जबलपूरच्या त्या थंडीत. काकू गरम पाणी घ्या म्हणून ओरडत राहायच्या. "सुतक आहे," आतून आवाज यायचा. "लांबचं नातं आहे, एक आंघोळ पुरते."

त्या लोकांनी मधे पुरस्काराचं नाव बदललं. आधी परभाषेचा म्हणत, आता आंतरराष्ट्रीय म्हणतात. मी ही बातमी मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो. ते चहात पाव बुडवत होते. "पहिले परकी म्हणत होते, आता पाहुणी म्हणून राहिले," ते म्हणाले. "सून तर नाही ना म्हणत?"

शेरा मात्र कारखान्याच्या भाषेत असायचा. आमच्याकडे छिद्र बरोबर पडलं की नाही हे पाहायला एक लोखंडी दांडी असते, तिला दोन टोकं. एक टोक छिद्रात गेलंच पाहिजे, त्याला 'गो' म्हणतात. दुसरं जाताच कामा नये, ते 'नो-गो'. दोन्ही गेली तर छिद्र ढिलं, माल रिजेक्ट. काकाजींच्या मते पिक्चरचंही हेच. "आपल्या गावच्या माणसाच्या आत गेला पाहिजे, आणि जगात सगळ्यांच्याच आरपार जायला नको. कुठंतरी अडला पाहिजे. सगळीकडून सटकन गेला, तो ढिला."

आता त्यांच्या हाताखालचं माझं पहिलं वर्ष सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. संध्याकाळ होत आली होती, चारशे नगांचा लॉट समोर होता. मी शंभरेक तपासले, सगळे बरोबर निघत होते, म्हणून बाकीच्यांवर डोळे मिटून सही ठोकली. ते लांबून पाहत होते. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपला डबा घेऊन माझ्या बाकावर येऊन बसले आणि आम्ही दोघांनी मिळून चारशेच्या चारशे नग पुन्हा तपासले. सायरन होईपर्यंत. एकही नग चुकीचा निघाला नाही. मला हायसं वाटलं, मी हसलोही असेन.

"पाहा," ते म्हणाले, "सगळे बरोबर आहेत. तरी तुझी सही खोटी होती."

पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला मेमोही दिला नाही. उलट त्यानंतर माझ्या सहीच्या कागदावर ते न पाहता सही करू लागले. अख्ख्या विभागात फक्त माझ्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, एकदा पकडलेला माणूस पुन्हा तसं करणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

नऊ वर्षांपूर्वी एक मुलगी त्यांच्या दारात आली. जवळच्या मझौली गावची. वडिलांचं तिथं धान्याचं दुकान. तिनं मित्रमैत्रिणी जमवून, उसना कॅमेरा आणून बुंदेलीत एक पिक्चर केला होता. आठवडी बाजारात वजनकाटे दुरुस्त करणारा एक माणूस आणि त्याची बहिरी बायको, एवढीच गोष्ट. तिला कुणीतरी सांगितलं होतं की पुतळ्याचे नियम जबलपुरात एकाच माणसाला पाठ आहेत.

काकाजींनी तो पिक्चर कानानं पाहिला, मग डोळ्यानं पाहिला. दोन्ही वेळा मी शेजारी होतो. मग मुलीला विचारलं, "बेटा, तुमने ये किसको दिखाया?"

"किसी को नहीं, दादाजी. हमको कौन थिएटर देगा?"

तिथंच सगळी गोम होती. नियम असा की आपला पिक्चर आधी आपल्या देशात, खऱ्या थिएटरात, तिकीट लावून, सलग सात दिवस चाललेला पाहिजे. त्याशिवाय निवडीसाठी अर्जच करता येत नाही. आणि त्या वर्षाची मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

बड़ा फुहाऱ्यापासून पाचेक मिनिटांवर एक जुनं एकपडदा थिएटर होतं. तिथले मॅनेजर काकाजींचे तीस वर्षांचे दोस्त. दोघांचं नातं म्हणजे रोज भांडण. मॅनेजर म्हणायचे, "आपका पुतला आ जाए तो मेरी टिकट-खिड़की पर बैठा देना, भीड़ तो आएगी." काकाजी म्हणायचे, "तेरी खिड़की पर तो वो भी भाग जाएगा." त्या मॅनेजरांनी दुपारी बाराचा खेळ दिला. शुक्रवार ते गुरुवार. मुदतीतले अगदी शेवटचे सात दिवस. अट एकच, मालकाची. रोज निदान एक तिकीट फाटलं पाहिजे. रिकाम्या हॉलमध्ये मशीन चालवायचं नाही.

काकाजींनी ड्युटी लावली. खरीखुरी, कारखान्यासारखी, तक्ता करून. प्रत्येक दिवसाला एक पक्का माणूस, त्यानं तिकीट काढून आत बसायचं, शेवटपर्यंत पाहायचं आणि चिठ्ठीवर 'पूर्ण पाहिला' लिहून सही द्यायची. बाकी कुणी आलं तर आनंद. ते स्वतः सातही दिवस जाणार होते, पण त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दवाखान्यानं नेमकी मंगळवारची दिली. पुढं ढकलली तर तीन महिने गेले असते. काकू अडून बसल्या. मंगळवारपुढं काकाजींनी माझं नाव लिहिलं.

"तुझी सही असली म्हणजे मला पाहायला नको," ते म्हणाले.

शुक्रवारी ते स्वतः आणि वीस-बावीस माणसं. शनिवारी आमच्या विभागातली सगळी मंडळी, मीही. रविवारी महाराष्ट्र मंडळातल्या बायका गजरे माळून आल्या. सोमवारी स्टोअरचा जुना बाबू आणि त्याचे दोन शेजारी. चार दिवस झाले.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. पावणेबाराला थिएटरसमोर पोचलो. फाटकात कुणी नव्हतं. मी समोरच्या पोह्याच्या ठेल्यावर थांबलो. एक प्लेट घेतली. बारा वाजले. पाय उचलेना. मनात म्हणत राहिलो, येईल कुणीतरी. मॅनेजर दोस्त आहेत, चालवतील. आणि एवढं करून हा पिक्चर कुठं जाणार आहे? मोठमोठे परत येतात. साडेबाराला मी तिथून निघालो, बाजारात फिरलो, कशाचा तरी भाव विचारला. काय ते आठवत नाही.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की स्कूटर पंक्चर होती. नव्हती.

संध्याकाळी पाचला दवाखान्यात गेलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा माझ्याकडे लागलेला. "झाला?"

"झाला, काकाजी."

"किती होते?"

"चौघं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्यांचा तो एक डोळा इतका वाट पाहत होता की मी म्हटलं, "एक बाई रडली."

ते उशीवरून उठायला लागले, काकूंनी दाबून निजवलं. "कुठं? कुठं रडली?"

"तो काट्याची पारडी तोलतो ना, आणि तिला 'बस' ऐकू येत नाही म्हणून ती पारड्याखाली तळवा धरते. थरथर थांबली की तिला कळतं. तिथं."

ते पडून राहिले. मग म्हणाले, "आत गेला." आणि काकूंना म्हणाले, "लिहून घे. रजिस्टरमध्ये. मंगळवार, बाई, पारड्यापाशी." मी चिठ्ठीवर 'पूर्ण पाहिला' लिहून सही केली आणि त्यांच्या उशाशी ठेवली.

बुधवार-गुरुवारचे खेळ ठरल्याप्रमाणे झाले, काकाजी अजून अंथरुणातच होते. पुढच्या आठवड्यात मॅनेजरांनी पिक्चर चालल्याचा दाखला दिला. सहा दिवसांपुढं तिकिटं लिहिलेली, आणि मंगळवारपुढं: 'खेल रद्द. दर्शक नहीं.'

काकाजी काळा चष्मा लावून, माझ्या स्कूटरवर मागं बसून थिएटरात गेले. खिशात माझी चिठ्ठी. मॅनेजरांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. काकाजींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ये देख. चार आदमी थे. एक औरत रोई थी. और तू लिखता है रद्द? तेरा ऑपरेटर सो गया होगा, उसको बचा रहा है तू."

मॅनेजरांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे वळले. "भैया, आप आए थे?"

मी म्हटलं, "आया था."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग चिठ्ठी घडी करून काकाजींपुढं सरकवली. "कागज मालिक के पास चला गया. अब नहीं बदलेगा."

"तीस साल," काकाजी म्हणाले. उठले, दाराच्या चौकटीला खांदा लागला, मी धरायला गेलो तर माझाच हात घट्ट पकडला.

मुदत संपली होती. पिक्चरचा अर्ज गेलाच नाही. गेला असता तर निवडला गेलाच असता असं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावून झालं आहे. मुलगी रडली, मग मुंबईला गेली, तिथं कुणाकुणाच्या हाताखाली काम करू लागली. जाताना काकाजींनी तिला सांगितलं, "कागद पर छह दिन है. लेकिन मंगल को एक औरत रोई थी, ये आदमी गवाह है. वो कोई रद्द नहीं कर सकता." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

ते पुन्हा त्या थिएटरची पायरी चढले नाहीत. मॅनेजरांनी दोनदा निरोप पाठवला, एकदा दिवाळीला स्वतः येऊन फाटकाबाहेरून परत गेले. काही वर्षांनी थिएटर पाडायला काढलं. काकाजींनी मला तिकडून स्कूटर न्यायला सांगितली. अर्धी भिंत उभी होती, वरच्या खुर्च्या उघड्यावर आलेल्या. मी वेग कमी केला. "थांबू नको," मागून आवाज आला. त्या वेळी सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता, आम्ही दोघंच होतो, मला त्यांचा चेहराही दिसत नव्हता. मी थांबलो नाही.

एक मात्र झालं. त्या मंगळवारनंतर मी रोज कामावरून सुटलो की त्यांच्याकडे जाऊ लागलो. औषधं, गॅस, बँकेचं काम, आणि पिक्चर. डोळा कमजोर झाल्यावर पट्ट्या मी मोठ्यानं वाचायचो. काकू एकदा म्हणाल्या, "पोटचा असता तर एवढा आला नसता." मी ओशाळून गेलो, काहून ते त्यांना माहीत नव्हतं. मी अपराधीपणानं जात होतो, ते दोघं ती माया समजत होते. पुढं पुढं त्यातलं कुठलं काय, ते माझं मलाही वेगळं काढता येईना.

त्यांच्या तेराव्याला ती पिक्चरवाली मुलगी मुंबईहून आली. आता तिशी ओलांडलेली, केसांत एक पांढरी बट. तिचा दुसरा पिक्चर तयार आहे, आणि या खेपेला त्याला थिएटरं मिळताहेत. पंगत उठल्यावर ती मला शोधत गच्चीवर आली.

"अंकल, एक बात पूछनी थी. आप ही बता सकते हैं. वो औरत दिखती कैसी थीं?"

"कौन?"

"मंगल वाली. जो रोई थीं." ती हसली. "बंबई में कितनी बार सोचा, छोड़ो ये सब, घर चलें, दुकान पर बैठें. फिर लगता था, एक तो थीं. जिसको हम जानते नहीं, जिसको किसी ने बुलाया नहीं. नई फ़िल्म की शुरू की पट्टी में हमने उन्हीं का नाम रखा है, मतलब नाम तो है नहीं. 'मंगलवार की उस दर्शक को.'"

खाली अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं. खेळ झालाच नव्हता. बाई नव्हती. मॅनेजरांनी खरं लिहिलं होतं.

तिनं कठड्याला धरलं. रागावली नाही, हे मला जास्त झोंबलं. मग म्हणाली, "तो आपने वही जगह क्यों बोली? तराज़ू वाली? झूठ ही बोलना था तो कहीं भी रुला देते."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या वर्षी माझं आणि बायकोचं घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. भाजी आणली, गॅस संपला, एवढंच. काय झालं होतं ते इथं सांगायचं नाही, चूक माझी होती एवढं पुरे. शनिवारी थिएटरात पडद्यावरची ती बहिरी बायको पारड्याखाली तळवा धरून बसली, आणि मला एकदम हुंदका आला. आवरेना. मागच्या रांगेतून आमच्या विभागातला एक जण म्हणाला, "क्या भाऊ, सर्दी हो गई?" आणि सगळे हसले. मंगळवारी त्या रिकाम्या हॉलमध्ये एकट्यानं बसून पुन्हा ते पाहायचं, म्हणून माझे पाय उचलले नव्हते. बाईच्या नावावर मी माझंच रडणं खपवलं होतं.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. "मतलब वो आप थे."

"शनिवार को मैं था," मी म्हटलं. "मंगल को नहीं था. और मंगल का ही काम था."

तिनं डोळे पुसले, ओढणी नीट केली. "मैनेजर अंकल से हमने भी बात बंद कर दी थी. उनका फोन आता था, हम काट देते थे." मग म्हणाली, "चलिए. अभी चलिए."

मॅनेजर मुलाकडे राहतात, नव्या वस्तीत, खालच्या मजल्यावर. दुपारचे चार वाजले असतील. खुर्चीत उन्हाला बसले होते, पायावर शाल. मुलीला ओळखायला वेळ लागला. मला लगेच ओळखलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

त्यांनी विचारलं, "वो आखिर तक यही मानता रहा? कि मैंने झूठ लिखा?"

"हाँ."

"तो भैया, उसके रहते आते." आवाज चढला नव्हता. "अब मैं किससे जाकर बोलूँ कि देख, मैं सही था?"

मुलगी खाली त्यांच्या पायाशी बसली. "अंकल, आपने उस दिन क्यों नहीं बोल दिया? सामने तो बैठे थे ये."

"बोलता क्या, बिटिया. मैंने इनको खिड़की से देखा था. सामने ठेले पर, प्लेट हाथ में. मैंने सोचा, खाकर आ रहे हैं. ऑपरेटर बोलता रहा, साहब बंद करूँ? मैंने बारह पच्चीस तक मशीन गरम रखवाई." ते शालीची किनार बोटांनी ओढत होते. "फिर उस दिन वो आया, आँख पर काला चश्मा, इनका हाथ पकड़े. बच्चे हैं नहीं. मैं बोल देता, तो वो इनको उसी दम छोड़ देता, जानती हो न उसको. मैं तो थिएटर में बैठा रहता हूँ, मैं कितना जा पाता? मैंने सोचा, दो में से एक तो छूटेगा. जो रोज़ आ सके, वो रहे."

मला खुर्ची कुणी दिली ते कळलं नाही. मी बसलो होतो एवढं खरं.

ते माझ्याकडे वळले. "गए थे न? रोज़?"

जिभेवर 'हाँ' आलंच होतं. मी थांबलो. आठवून पाहिलं.

"बेटी की शादी में पंद्रह दिन नहीं जा पाया," मी म्हटलं. "बाकी रोज़."

त्यांनी मान हलवली.

"अच्छा," ते म्हणाले. "पंद्रह दिन रद्द. बाकी चला."